खपली बंद

त्या वर्षी डोंबिवलीच्या आमच्या घरात दोन खपल्या होत्या. एक डब्यात, एक हिच्या पायाच्या अंगठ्यावर.

डब्यातली म्हणजे खपली गहू. हिच्या मधुमेहाला बरा म्हणून कल्याणच्या बाजारातून तो मीच आणायचो. त्याच्या पोळ्या लाल आणि जाड, घडी घातली की मोडायच्या. ही म्हणायची, "पोळी आहे की कौल?" मला मधुमेह नव्हता, पण ताटात कौलं मलाही पडत.

अंगठ्यावरची खपली चपलेच्या पट्ट्याने झालेल्या जखमेची. जखम चिघळली, तेव्हा डॉक्टरांनी जेलची पट्टी सांगितली. ताडगोळ्याच्या कापासारखी, थंड आणि पारदर्शक. आमचा जन्म जखम कोरडी ठेवण्यात गेलेला. डॉक्टर म्हणत होते, ओलसर राहू द्या, नाहीतर अंगठा काढावा लागेल. ठाकुर्लीहून एक सिस्टर पट्टी बदलायला यायच्या. एकदा जाताना दारात चपला घालता घालता त्या म्हणाल्या, "आजोबा, डॉक्टरांनी सांगितलंय, खपली अजिबात नको हां. जखमेवर धरलेली दिसली तर लगेच मला फोन करा."

मी स्वयंपाकघरात गेलो आणि हिला सांगितलं, "डॉक्टर म्हणालेत, खपली अजिबात नको."

एकही शब्द खोटा नव्हता.

त्या दुपारी साध्या गव्हाच्या पोळ्या झाल्या. मऊ, पदर सुटलेल्या. भाजी शिजेपर्यंतही आम्ही थांबलो नाही. पुढे गूळपोळ्याही झाल्या, कारण बंदी फक्त खपलीवर होती.

साखर वर गेली. अंगठ्याची कड काळी पडू लागली. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, खाण्यात काय बदललं?"

"तुम्हीच नाही का खपली बंद केलीत?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मी जखमेवरची म्हणालो होतो!"

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "सिस्टर नीट बोलल्या नाहीत."

सिस्टरना बोलणी बसली आणि त्या यायच्या बंद झाल्या. सोसायटीच्या बाकावर मी हा किस्सा रंगवून सांगायचो, त्यांच्या नकलेसकट. लोक पोट धरून हसायचे. मीही हसायचो, आणि घरी येऊन पट्टी मीच बदलायचो. कौलं परत आली. अंगठा वाचला, नख मात्र गेलं.

सिस्टर नीट बोलल्या होत्या. मला नीट कळलं होतं. एवढंच नोंदवायचं होतं.

इथपर्यंत लिहून हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, "अहो, स्वयंपाकघरातून दारातलं सगळं ऐकू येतं."

"म्हणजे तुला कळलं होतं?"

"तुम्ही आत आलात तेव्हा परातीत पीठ कुठलं होतं?"

मी आठवून पाहिलं. पांढरं होतं, साध्या गव्हाचं.

ही बिननखाचा पाय स्टुलावर ठेवून बसली आणि मोबाइल माझ्यापुढे सरकवला. "लावा सिस्टरना फोन. आणि या वेळी अर्धंच सांगू नका. माझंही सांगा."