हात लावून तपासा

डॉक्टरनं पेनचं टोक माझ्या पोटात खुपसलं. हात नाही, पेन. मी टेबलावर आडवी, साडी बाजूला केलेली, आणि हा माणूस गटारात पडलेलं काहीतरी काठीनं उलटून बघावं तसा मला बघत होता. नर्स म्हणाली, "सावकाश हं काकू, टेबल जुनं आहे आमचं." दोघंही हसली.

उजव्या बरगडीखाली कळ यायची. घास गिळला की उलटी. धायरीत मी डबे करून देते, पहाटेपासून ओट्याशी उभी. मागच्या खेपेला ह्यानंच पोटाकडं न बघता सांगितलं होतं, वजन उतरवा. मी भाकरी अर्ध्यावर आणली. कळ वाढतच गेली. तरी मी स्वतःलाच म्हणायचे, तुझीच चूक, खादाड मेली! आरशापुढं उभं राहायचीसुद्धा किळस यायची. शी! त्याची घाण मी माझ्या अंगाला फासून घेत होते.

मग त्यानं ते पेन पुसलं. माझ्यादेखत. कापसाला स्पिरिट लावून.

"अहो, आपण चुकीच्या ठिकाणी आलात," तो म्हणाला. "इथे आजार तपासतात, भूक नाही. उतरा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. किळस आलीच, पण या वेळी माझी नाही. त्याची.

"नाही उतरत," मी म्हटलं. "आधी हात लावून तपासा. विटाळ होतो का माझा?"

आवाज ऐकून नवरा आत आला. "अगं चल, बाहेर लोक ऐकतायत."

"ऐकू देत."

मी हलले नाही. शेवटी डॉक्टरनं हातमोजे चढवले आणि बरगडीखाली दाबलं. मी अशी किंचाळले की नर्स मागं सरली. त्याचं तोंड उतरलं. "सोनोग्राफी करून घ्या," एवढंच पुटपुटला. पित्ताशय खड्यांनी भरलेलं निघालं, सडायला लागलेलं. ऑपरेशन मी दुसरीकडं करून घेतलं. माफी? कसली माफी न् काय!

मी अजून तेवढीच जाड आहे. माझी जाऊही अंगानं माझ्यासारखीच. तिच्या ओटीपोटात दुखतं. दवाखान्यात चल म्हटलं की म्हणते, "आधी थोडी बारीक होते, मग जाऊ."

उद्या सकाळी मी तिला घेऊन जाणार आहे. डॉक्टर कुणीही असो. हात लावून तपासल्याशिवाय ती टेबलावरून उतरणार नाही. मी उतरू देणार नाही.