होत नाही म्हणणारे साडू

एखादी गोष्ट होणार नाही, हे आमच्या साडूंइतकं मन लावून सांगणारा माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात मिळायचा नाही. तसे नाही म्हणणारे आपल्याकडे काही कमी नाहीत. माझ्या बी-बियाण्यांच्या दुकानात मी स्वतःच दिवसभर नाही म्हणत असतो. पण आमचं नाही आजच्यापुरतं. उद्या गाडी आली की त्याचं हो होतं. साडूंचं नाही कायमचं असायचं. आज नाही, उद्या नाही, जगात कितीही हुशार माणूस जन्माला आला तरी नाही. आणि नुसतं म्हणून ते थांबले नाहीत, ते सिद्ध करण्यात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं घातली.

साडू मूळचे रिठदचे. दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत राहून कम्प्युटरच्या शास्त्रात डॉक्टरेट करून आले आणि वाशीमच्या एका कॉलेजात शिकवायला लागले. त्यांचा विषय त्यांनी मला इतक्या वेळा समजावलाय की आता मी तो गिऱ्हाइकांनाही समजावतो. समजा, पुष्कळ गावं आहेत, त्यांना जोडणारे रस्ते आहेत आणि त्यातून एका विशिष्ट प्रकारची वाट कम्प्युटरला शोधायची आहे. ती शोधायची एक रीत सगळ्यांना ठाऊक आहे, पण ती संथ. साडूंचं म्हणणं असं, की याहून झटपट रीत असूच शकत नाही. बस, एवढंच. त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत सासूबाईंनी मला हळूच विचारलं, "धाकले जावई नेमकं काय करून राह्यले?" मी म्हणालो, "हे काम याच्याहून लवकर होत नाही, असं दाखवून राह्यले." सासूबाईंनी करंजीचं सारण भरता भरता माझ्याकडे पाहिलं. "हात्तीच्या! ते तं हापिसातला कोनताही बाबू सांगते. त्याच्यासाठी एवढं शिकाले कायले लागते?"

घरात त्यांच्या कम्प्युटर नव्हता. परसातली एक भिंत त्यांनी काळी रंगवून घेतली होती आणि खडू घेऊन ते तिच्यासमोर उभे राहत. त्या भिंतीसमोरच वाळत घालायची दोरी, त्यामुळे आमच्या मेव्हणीच्या, पुष्पाच्या, साड्यांना कायम खडूचा वास. गल्लीतले लोक सुरुवातीला बंद पडलेले मोबाईल, कागद अडकलेले प्रिंटर घेऊन येत. साडू प्रिंटर उलटा करून आदरानं बघत आणि परत देत. "मी यंत्रातला नाही हो. मी, यंत्रानं किती वेळात करावं, त्याच्यातला." कम्प्युटरचा डॉक्टर असून याला प्रिंटर येत नाही, हे एकदा गल्लीनं ठरवून टाकल्यावर लोक यायचे थांबले, आणि साडूंना फार बरं वाटलं.

त्यांच्या शास्त्रात म्हणे नेहमी सगळ्यात वाईट काय घडेल ते आधी धरायचं. त्यासाठी मनातल्या मनात एक शत्रू कल्पायचा. आपण कोणतीही रीत काढली की तो शत्रू मुद्दाम असे रस्ते पुढे करतो की आपली रीत अडावी. हा शत्रू भिंतीवर राहिला असता तर हरकत नव्हती, पण साडू त्याला सगळीकडे सोबत नेत. अकोल्याला सकाळचं लग्न असेल तर हे आदल्या दिवशी दुपारी लग्नघराच्या दारात हजर. "बस पंक्चर झाली असती तं? दुसरी त्यानं भरून पाठवली असती तं?" पुष्पा एकदा माझ्या दुकानात येऊन रडायच्या बेतात म्हणाली, "भाऊजी, यायचं कोनाशी वैर हाये का हो? सारखे म्हनतात, तो असं करन, तो तसं करन." तो कोण ते मी तिला समजावून सांगितलं. वैरी खरा नाही हे कळल्यावर ती जास्तच घाबरली.

दुसरी गंमत म्हणजे दुपटीतिपटीचा फरक ते जमेसच धरत नसत. वाढत्या आकड्यांच्या हिशेबात तेवढ्यानं काही बिघडत नाही, असं त्यांच्यात मानतात. पुष्पानं अर्धा किलो साखर सांगितली की हे दीड किलो आणत आणि वर म्हणत, "एकच झालं ना ते." जेवायला चार माणसं येणार म्हणून सांगत आणि दहा येत. पुष्पा बिचारी परत कणीक भिजवायला बसे.

पण माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी केलं त्याला तोड नाही. पत्रिका छापून आणायचं काम मीच हौसेनं त्यांच्याकडे दिलं होतं. आमच्याकडे पत्रिकेत कुणाचं नाव कुणाच्या वर यावरून लोक वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत. साडूंनी हा तंटा मुळातूनच मिटवला. त्यांच्यात चारपाच जण मिळून शोधनिबंध लिहितात तेव्हा मोठा कोण, लहान कोण, मेहनत कुणाची, असं काही बघत नाहीत. नावं अक्षरांच्या क्रमानं घालतात. तीच रीत त्यांनी निमंत्रकांना लावली. त्यामुळे सगळ्यांच्या वर झळकला माझ्या चुलतभावाचा नातू अथर्व, जो तेव्हा दुपट्यात होता, आणि सगळ्यात तळाशी गेले घराण्यातले सर्वांत वडील, आमचे हरिभाऊकाका. काका पत्रिका हातात धरून म्हणाले, "पोट्ट्याच्या मांडीवर मले बसवलं!" साडू शांतपणे म्हणाले, "काका, याच्यात अपमान नाही. ह आहे तुमचा." काकांनी हळदीवर बहिष्कार टाकला. लग्नाच्या जेवणाला मात्र आले आणि पंगतीत पहिले बसले.

अशा या माणसाला एक विद्यार्थिनी मिळाली. कामरगावच्या शेतकऱ्याची मुलगी. बोलायची कमी, पण साडू वर्गात "हे होत नाही" म्हणाले की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "काहून सर?" साडू सांगायचे. ती पुन्हा म्हणायची, "पन काहून?" बाकी पोरं हसायची. साडू घरी येऊन सांगायचे, "आज तिनं दोनदा अडवलं मले," आणि एखाद्याला मान मिळाल्यासारखे खूष असायचे. पुढे ती मोठ्या शहरात संशोधनाला गेली, आणि काही वर्षांनी एके दिवशी तिचे काही कागद आले. सोबत एवढंच लिहिलं होतं की, सर, मला वाटतं हे होतं. तुम्ही बघून सांगाल तर बरं. तोवर कुणाला दाखवत नाही.

तिनं झटपट रीत शोधली होती. ती खरी ठरली तर साडूंचं सगळं आयुष्य ज्या एका नाहीवर उभं होतं ते नाहीच खोटं.

साडूंनी भिंत पुसली आणि तिची रीत तपासायला घेतली. त्या दिवसांत ते जेवताना बोलत नसत. वाटेत मधेच थांबत, ऑटोवाले त्यांना वळसा घालून जात. पुष्पा देवाला नवस बोलली, की पोरीचं चुकू दे. चांगल्या पोरीचं वाईट चिंतते म्हणून ती स्वतःलाच शिव्याही देई. मी रोज दुकान बंद करून तिकडे चक्कर टाकायला लागलो. आणि एका संध्याकाळी साडू परसातून आत आले. हात पांढरे झालेले. म्हणाले, "भाऊ, सापडलं. एका जागी पोरीची रीत अडते. त्या शत्रूनं नेमके असे रस्ते दिले तं तिचं सारं कोसळते."

पुष्पानं देवापुढे साखर ठेवली. मला तर हायसं वाटलं. मी म्हणालो, "मग लिहून टाका तिला, चुकलं म्हणून." साडू पाटावर बसले. "तेच तं," ते म्हणाले, "तो खड्डा बुजवता येते." "कुणाला?" मी विचारलं. "मले," ते म्हणाले. "मले दिसून राह्यलं, कसं बुजवाचं ते. तिले अजून दिसलं नाही." आणि चहा निवायच्या आत उठून पुन्हा परसात गेले. तिच्या रीतीतला तो खड्डा त्यांनी स्वतःच्या विरुद्ध जाऊन स्वतःच भरून काढला, आणि मग तिला फोन लावला. मी तिथेच होतो. सगळं समजावून झाल्यावर पलीकडून तिनं ते एकदा स्वतःच्या शब्दांत परत म्हणून पाहिलं. मग म्हणाली, "सर, याच्यावर तुमचं नाव पाह्यजे." साडू म्हणाले, "नोको बाई. वाट तुझी हाये. मी फक्त एका जागी दगड लोटला."

तिचा निबंध मोठ्या परिषदेत स्वीकारला गेला, तेव्हा साडूंनी पेढे घेतले आणि मला म्हणाले, "चाला, तिच्या बापाले सांगून येऊ." कारंज्यापर्यंत बसनं आणि पुढे जीपनं आम्ही कामरगावला पोचलो. तिचे वडील खळ्यावर होते. कॉलेजचे सर न सांगता आलेले पाहून ते हबकलेच. साडूंनी त्यांना खाटेवर बसवून सगळं सांगितलं, की मी इतकी वर्षं एक म्हणत होतो, तुमच्या मुलीनं त्याच्या उलट सिद्ध केलं, आणि तिचं बरोबर आहे. त्या माणसाचा चेहरा उतरत गेला. शेवटी त्यांनी हात जोडले.

"सर, पोरगी नादान हाये. गुरूले खोटं पाडनं आमच्या घरात कोनी शिकवलं नाही तिले. मी तिच्या वतीनं माफी मांगतो."

मला हसू आलं, पण साडूंकडे पाहिलं आणि ते विरलं. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी त्या शेतकऱ्याचे जोडलेले हात आपल्या हातात घेतले.

"माफी कायची, दादा? मी इतके वर्स लिहून राह्यलो. छापून येत होतं, लोक छान म्हनत होते, पन कोनी वाचत नव्हतं. तुमच्या पोरीनं एक एक ओळ वाचली. जिथं जिथं मी अडलो, तिथूनच तिनं वाट काढली. एवढा जीव लावून मले दुसऱ्या कोनी वाचलं नाही."

त्या माणसाला त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण जेवल्याशिवाय त्यांनी आम्हाला सोडलं नाही. परतीच्या जीपमध्ये आम्ही मागे बसलो होतो. न राहवून मी विचारलं, वाईट वाटतं का? इतर कुणी असता तर नाही म्हणाला असता.

"वाटते ना भाऊ," साडू म्हणाले. "लय वाटते. सकाळी उठलो का अजूनही पहिले तोच प्रश्न आठवते. मंग ध्यानात येते, तो सुटला."