छत्तीस, चौऱ्याहत्तर, सत्तेचाळीस, त्रेसष्ट

पुढून आणि मागून सारखीच वाचता येणाऱ्या संख्येला मणियार सर 'सज्जन' म्हणत. कसब्यातल्या आमच्या शाळेत ते गणित शिकवायचे. सिनेमाच्या तिकिटावर, विजेच्या खांबावर, कुठेही मोठा आकडा दिसला की आधी तो उलटा वाचून बघणार. "कुठूनही बघा, तोंड एकच," म्हणायचे. "माणसांत असा कोणी आढळला तर कळवा. घाई नाही."

मी मात्र त्यांच्या वर्गातली दुर्जन. कोणी 'त्रेसष्ट' म्हटलं की माझा हात ३६ लिहून मोकळा. माझे वडील, अण्णा, तांबट आळीत भांडी घडवायचे. त्यांनी जाहीरच करून टाकलं होतं, "यंदा गणितात नापास झाली की शाळा बंद." मला शाळा फार आवडायची आणि मी नापास होणार याबद्दल घरात दुमत नव्हतं.

एकदा सरांनी मला फळ्याशी बोलावलं आणि जोडीजोडीने एक आठ अंकी संख्या सांगितली. "छत्तीस, चौऱ्याहत्तर, सत्तेचाळीस, त्रेसष्ट." लिहायची होती ३६७४४७६३. मी लिहिली ६३४७७४३६. वर्ग खदखदला.

"मागून वाच," सर म्हणाले. वाचली, तर तीच. "आता अकराने भाग." भाग निःशेष गेला.

"सज्जनाची एकेक जोडी उलटी केली तरी तो सज्जनच राहतो," सर वर्गाला म्हणाले, "आणि अंकांची संख्या सम असली की अकराने भाग जातोच." मग माझ्याकडे वळले. "तू चारही वेळा एकच चूक केलीस. ढ माणूस इतका शिस्तीत चुकत नाही. 'त्रेसष्ट'मधला तीन आधी ऐकू येतो, म्हणून तू तो आधी लिहितेस. कान उत्तम आहे. हाताला जरा थांबायला शिकवू."

मला तिथेच रडू फुटलं. मी ढ नाही, हे पहिल्यांदाच कोणीतरी म्हटलं होतं.

संध्याकाळी सर दुकानात हजर. अण्णांची हातोडी थांबेना. "मास्तर, तिला नाही जमायचं. उगाच कशाला?"

"बरं. एक आकडा लिहून घ्या, मग जातो."

अण्णांनी नाइलाजाने खडू घेतला आणि सरांनी सांगितलेला तोच आकडा एका पातेल्याच्या बुडावर लिहिला. ६३४७७४३६.

सर वाकून बघत राहिले. "अहो, ही तर घराण्याची गायकी दिसते."

अण्णा हसले नाहीत. "मला याच पायी शाळेतून काढलं होतं," ते हळूच म्हणाले. आम्हाला आजवर सांगितलेलं असं, की हातोडीची आवड म्हणून शाळा सोडली.

"मग आता हिला काढणार?"

अण्णांनी मान हलवली. "नाही. राहू दे वर्गात." जरा वेळाने खडूशी चाळा करत म्हणाले, "मोठ्या माणसाला शिकवता का?"

"शिकवतो. पण वर्गात ठोकाठोक चालणार नाही."

पुढे कितीतरी वर्षांनी सर गेल्याचा निरोप आला. तोवर मी स्वतः शाळेत गणित शिकवू लागले होते. अण्णा दुकान बंद करून घरी आले आणि चपला न काढताच उंबऱ्यावर बसले. "माझे सर गेले," म्हणाले.

माझेही होते, पण त्या दिवशी मी तसं म्हटलं नाही.