पाठीशी उभा मामा

दवाखान्यातून मी घरी आले होते ती फक्त अंघोळ उरकून दत्ताचा स्वेटर न्यायला. कराडच्या त्या दवाखान्यातला एसी त्याला सोसत नव्हता आणि नर्सनं दिलेलं ब्लँकेट टोचत होतं. "आक्का, माझा तपकिरी आण," एवढंच तो मास्कच्या आतून म्हणाला होता. स्वेटर काढून पिशवीत घालत होते तेवढ्यात फोन वाजला. प्राजू, माझी मुलगी, त्याच्याजवळ थांबली होती. नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. मीच विचारलं, "गेला?" ती "हो" म्हणाली... मी पिशवी उचलली आणि बाहेर पडले. गावातून कराडपर्यंत तो स्वेटर माझ्या मांडीवर होता. आता तो नेऊन काय करायचं हे कळत नव्हतं, आणि परत जाऊन घरी ठेवावा हेही सुचलं नव्हतं.

दत्ता माझा धाकटा भाऊ. जन्मल्यावर तो लवकर रडला नाही. तेवढ्या वेळात मेंदूचं जे व्हायचं ते नुकसान होऊन गेलं, असं पुढे डॉक्टरांनी सांगितलं. त्याचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे, मुठी आवळलेल्या असायच्या, बोलणं जड होतं. डोकं मात्र आम्हा दोघांत त्याचंच चांगलं. आलेला पाहुणा त्याच्याशी न बोलता मला विचारायचा, "ह्याला चहा चालतो का?" आणि मी तोंड उघडायच्या आत दत्ता शब्द ओढत ओढत म्हणायचा, "त्याला चालतो. साखर कमी." एखाद्या बाईनं गालावरून हात फिरवून "कसं हाय बाळ?" म्हटलं की, "पन्नाशीला आलेलं बाळ हाय मी, मावशी," असं तो इतक्या गंभीरपणे सांगायचा की ती बिचारी हात मागे घ्यायची. आमचे वडील, दादा, सैन्यात होते. सुट्टीवर आले की त्याला पाठुंगळी घेऊन पलूसच्या बाजारापासून उसाच्या बांधापर्यंत सगळीकडे फिरवायचे. दादा गेले आणि ती पाठ गेली. मग ओसरीवरची खुर्ची हेच त्याचं गाव झालं. बसलेल्या माणसाला उभी माणसं पोटापर्यंतच दिसतात. तो म्हणायचा, "आक्का, निम्मं गाव मी पोटावरनं वळखतो."

माझे यजमान गेल्यावर सांगलीचं घर मला खायला उठायचं. मी शाळेतून निवृत्त झाले आणि माहेरी येऊन राहिले. आई तेव्हा होती, पण थकली होती. दत्ताला उचलताना तिच्या तोंडून कण्हल्याचा आवाज निघायचा आणि तो आवाज ऐकून दत्ता डोळे मिटून घ्यायचा. थोड्याच काळात आईही गेली. प्राजू नोकरीला पुण्यात. घरात आम्ही दोघंच उरलो. संध्याकाळी ओसरीवर तो मला दिवसभराच्या बातम्या सांगायचा... कुणाच्या उसाला तोड आली, कोण कुणाशी बोलत नाही. माणसं जाता-येता त्याच्यापाशी थांबत, मन मोकळं करत. हा कुठं जाऊन सांगणार, असं त्यांना वाटत असावं. तो मला सांगायचा!

चालण्याची ती गाडी प्राजूनं आणली. इंग्रजीत तिला गेट ट्रेनर म्हणतात. आम्ही गाडीच म्हणत होतो. चार चाकांची, कमरेपेक्षा उंच चौकट, छातीला आणि कमरेला गाद्यांचा आधार, कोपर टेकवायला दोन पन्हाळी आणि दोन्ही मांड्यांमधून जाणारी एक झोळी. ज्याला स्वतःचा तोल अजिबात सांभाळता येत नाही, त्याला या आधारात उभं राहून पाऊल टाकता येतं. हे लहान मुलांसाठी असतं अशी माझी समजूत होती. प्राजू म्हणाली, "मोठ्या मापाचीही मिळते. मामाला कुणी विचारलंच नाही कधी." आम्ही मायलेकींनी खोकं उघडून, चित्रं बघत ती जोडली, शेजारच्या आबाच्या मदतीनं दत्ताला आत घातलं आणि पट्टे आवळले. आमच्या मते तो उभा होता. खरं तर तो झोळीत लोंबकळत होता. बोटांची टोकं फरशीला जेमतेम लागत होती, खांदे कानांपर्यंत वर आले होते. बराच वेळ सोसून तो म्हणाला, "आक्का, मला वाळत घातलंय व्हय?" आम्ही इतक्या हसलो की त्याला खाली उतरवायचं सुचेना.

मग कराडहून निकम मॅडम आल्या. त्या फिजिओथेरपिस्ट. त्यांनी आल्या आल्या गाडीकडे पाहिलंच नाही. आधी दत्ताला खाटेवर झोपवून त्याचे पाय हळूहळू सैल केले, गुडघे, घोटे कुठवर वळतात ते बघितलं, काखेपासून टाचेपर्यंत, कोपरापासून टाचेपर्यंत टेप लावली. आणि प्रत्येक गोष्ट त्यालाच विचारली. "इथं दुखतं का? किती?" मला त्यांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: "टाच टेकली पाहिजे, काकू. वजन पायांवर आलं पाहिजे. झोळी फक्त पडू नये म्हणून." त्यांनी चौकट उतरवली, झोळी सैल केली, छातीची गादी काखेत रुतणार नाही अशी खाली घेतली, कोपराच्या पन्हाळी इतक्याच उंचीला आणल्या की खांदे आपोआप खाली आले. पाय एकमेकांवर चढू नयेत म्हणून घोट्यांना पट्टे, ते चौकटीच्या दोन बाजूंना. पुढची चाकं सरळच जातील अशी अडकवली, मागे न फिरण्याची कळ दाबली. आणि मग म्हणाल्या, "दत्ताभाऊ, आता खाली जमीन आहे. बघा, लागते का."

त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. डावी टाच टेकली. उजवी थरथरत होती, तीही टेकली. मी अगदी समोर उभी होते, आणि माझ्या लक्षात आलं की मी मान वर करून त्याच्याकडे बघतेय. माझा भाऊ माझ्यापेक्षा उंच होता. अगदी दादांसारखा. आयुष्यभर ज्याला मी वाकून बघितलं, तो वरून माझ्या डोक्याकडे बघत होता. "आक्का," तो म्हणाला, "तुजा भांग लय रुंद झालाय गं." हे सांगायला घरात दुसरं कुणी नव्हतंच... मी पदर डोक्यावर ओढून घेतला आणि आत जाऊन तोंड धुतलं.

पुढचे महिने रोज सकाळी थोडा वेळ. आधी नुसतं उभं राहणं, मग एक पाऊल, मग ओसरीची लांबी. उतरल्यावर काखा, मांड्या, घोटे तपासायचे. कुठं लाल वळ उठला की मॅडमना फोन करायचा, त्या कुठली गादी किती सरकवायची ते सांगायच्या. सकाळी पाय मोकळे असायचे, थंडीत आखडायचे, मग पट्टे वेगळे लावावे लागायचे. त्याला चालण्याचा फार आनंद व्हायचा असं मी म्हणणार नाही. त्याला घाम यायचा, राग यायचा. एकदा त्यानं मला चांगल्या शिव्या दिल्या. पण फाटकापाशी उभं राहून तो माणसांच्या तोंडाकडे बघायचा, आणि माणसंही, मला वाटतं पहिल्यांदाच, त्याच्या तोंडाकडे बघून बोलायची.

आणि मग प्राजूचं लग्न ठरलं. मुलगा साताऱ्याचा, घर चांगलं. आमच्याकडे मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या पाठीशी मामा उभा असतो, हे सगळ्यांना माहीत आहे. घरात बैठक बसली तेव्हा आमचे चुलते सहज म्हणाले, "दत्ताला खुर्चीत बसवू, पाठीशी आबाला उभा करू. शास्त्रापुरतं हाय. काय म्हणतीस?" शेजारचा आबा आमचा चुलतभाऊच, भला माणूस, तो खाली बघत होता. मी दत्ताकडे बघितलं. तो फाटकाकडे बघत होता. सगळे चहा पिऊन गेले. दुसऱ्या दिवशी दाढी करून देत होते तेव्हा त्यानं माझा हात मानेनं अडवला. "आक्का, मामा कोन?"

"तू."

"मग?"

दत्ताच उभा राहणार, हे मी सगळ्यात आधी आबालाच सांगितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणाला, "मला सुटल्यागत झालं बघ."

अडचण वेगळीच होती. दचकलं की दत्ताचं सगळं अंग ताठ व्हायचं, पाय वर यायचे. भांडं पडलं तरी. लग्नात तर वाजंत्री, ताशे. प्राजू सुट्टीला आली की मामाला गाडीत उभं करून मोबाइलवर बँड लावायची, आधी हळू, मग मोठ्यानं. तो दचकायचा, ताठ व्हायचा, पुन्हा टाच टेकवायचा. मॅडमनी त्या दिवसासाठी छातीचा पट्टा कसा ठेवायचा हे मला करून दाखवलं: श्वास अडकेल इतका घट्ट नाही, झटक्यानं तो पुढं जाईल इतका सैल नाही.

कार्यालयात पोचलो आणि बघितलं तर स्टेजला पायऱ्या. हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. व्याहीच पुढे आले, "आम्ही चौघंजण उचलतो की." दत्ता म्हणाला, "न्हाई." उचलून घेण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. मुहूर्त जवळ आलेला, पाहुणे घड्याळ बघतायत, कुणीतरी आबाला शोधतंय. तेवढ्यात शालू सावरत प्राजू स्टेजच्या पायऱ्या उतरून खाली आली आणि मामाच्या पुढे जाऊन उभी राहिली. भटजी वरून म्हणाले, "मुहूर्त तेवढा मला गाठू द्या. अंतरपाट कुठंही धरता येतो." नवरदेवही खाली आला. लग्न खाली, पाहुण्यांच्या मधोमध लागलं. मागच्यांना काही दिसेना, ते खुर्च्यांवर चढले.

मी त्याच्या टाचांकडे बघत होते. प्रत्येक सावधानला त्या थरथरायच्या, पुन्हा टेकायच्या. त्याच्या आवळलेल्या मुठीत मी अक्षता कोंबल्या होत्या. ती मूठ त्याला हवी तेव्हा कधीच उघडत नसे. अक्षता टाकायला त्याचा हात मी धरायचा, असं आमचं ठरलं होतं. शेवटचं अष्टक संपलं आणि ताशा कडाडला. दत्ता असा दचकला की गाडी हलली, दोन्ही हात उडाले, मुठी उघडल्या... आणि सगळ्या अक्षता प्राजूच्या डोक्यावर पडल्या. कुणाच्या मदतीशिवाय. टाचा वर आल्या होत्या. पट्ट्यानं त्याला धरलं. हळूहळू एक टाच टेकली, मग दुसरी. प्राजूनं मागे वळून बघितलं नाही, पण तिची पाठ हुंदक्यांनी हलत होती.

लग्नानंतर प्राजू नवऱ्यासोबत बंगळुरूला गेली. त्यानंतर दत्ता चालायचा, पण ओढ गेली होती. पुढे चहा पिताना ठसका लागायला लागला, छातीत कफ, ताप, पुन्हा ताप. अंग उतरत गेलं. गाद्या आत घ्याव्या लागायच्या, पट्ट्याचं टोक लांब लोंबायचं. त्याच्या चेहऱ्यापेक्षा ते टोक मला जास्त खरं सांगायचं. एका सकाळी मी गाडी पुढे आणली तेव्हा तो म्हणाला, "आता ऱ्हाऊ दे, आक्का. हितनंच बघतो." मी आग्रह केला नाही. गाडी भिंतीला लावली आणि खुर्ची फाटकाकडे वळवून दिली.

तो गेल्यावर निकम मॅडम येऊन बसून गेल्या. साताऱ्याकडच्या एका बाईंना गाडीची गरज आहे, असं त्यांनी भीत भीत सांगितलं. मी लगेच न्या म्हटलं. नेण्याआधी त्यांनी गाद्या बाहेर घेतल्या, चौकट खाली उतरवली. बघता बघता माझ्या भावाचं माप त्या लोखंडातून निघून गेलं. प्राजू म्हणते, बंगळुरूला ये. जाईन कधीतरी.

एक सांगायचं राहिलं. दत्ता चालायचा तेव्हा मी त्याच्या पुढे, त्याच्याकडे तोंड करून, उलट्या पावलांनी चालायची. त्याची नजर पडली की मान पडायची, मान पडली की गुडघे. म्हणून त्याला समोर कुणाचं तरी तोंड लागायचं. स्वयंपाकघरापासून ओसरीपर्यंतचं घर माझ्या पाठीला पाठ आहे. परवा सकाळी चहा घेऊन निघाले आणि दारात आपोआप वळले, पाठ ओसरीकडे, तोंड आत. काही पावलं तशीच मागे सरकत गेले, मग थांबले. समोर फ्रीज, देव्हारा, खिडकीतून आलेलं ऊन. सरळ वळायला हवं होतं, कुणी बघत नव्हतं... पण नाही वळले. समोरच्या मोकळ्या जागेवर नजर ठेवून, त्याच्या चालीनं सावकाश, तशीच उलटी ओसरीपर्यंत गेले.