दोन विहिणी तारोडीच्या समुद्रात

माझी आई परभणीकडची. साठीला टेकली तरी तिने समुद्र पाहिला नव्हता. लग्नानंतर मी मीरा रोडला, बेव्हर्ली पार्कमध्ये राहायला आले, तेव्हापासून फोनवर तिचा एक प्रश्न ठरलेला. "तुमच्या घरातून समुद्र दिसतो का गं?"

"घरातून समोरच्या बिल्डिंगमधलं स्वयंपाकघर दिसतं," मी म्हणायची. "समुद्र उत्तनच्या बाजूला आहे."

"मग तिकडंच का नाही घेतलं घर?"

याचं उत्तर आमच्या पगारात होतं, ते तिलाही माहीत होतं. पण विचारायचं ती काही सोडायची नाही.

गेल्या थंडीत ती अखेर आली. दारात माझ्या सासूबाई उभ्या. सासूबाईंना मी मम्मी म्हणते, नवरा म्हणतो म्हणून. "जयभीम विहीणबाई, प्रवास बरा झाला ना?" मम्मी म्हणाल्या. "जयभीम. बरा झाला वो, तुमची तब्येत?" आई म्हणाली. आणि त्यानंतर दोघी सोफ्याच्या दोन टोकांना अशा बसल्या, जणू मधे कुणीतरी अदृश्य पाहुणा आहे.

कारण जुनं होतं. आमच्या लग्नात मम्मींच्या माणसांनी आमच्याकडचं जेवण जाळ तिखट आहे म्हणून अर्धवट सोडलं होतं. आईने ते बोलून दाखवलं नाही, पण मनात धरलं होतं. त्यामुळे दोघी एकमेकींशी गोड बोलायच्या, पण माझ्यामार्फत. "तुझ्या आईला विचार, अजून पोळी हवी का." आई तिथेच समोर ताट घेऊन बसलेली.

रविवारी सगळ्यांनी समुद्रावर जायचं ठरलं. मम्मी मूळच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या, त्यामुळे या विषयात त्यांच्याइतकं घरात कुणाला कळत नाही हे सगळ्यांनीच मान्य केलेलं. आदल्या रात्री जेवताना त्यांनी आईला माझ्यामार्फत नाही, थेट शिकवायला घेतलं.

"पाण्यात उभं राहायचं तर पाय फाकवून राहायचं. लाट येताना तिच्याकडे पाठ करायची नाही. ओहोटीच्या वेळी पुढे जायचंच नाही, ओढून नेते."

आई मान डोलावत होती. "तुमच्या गावाला समुद्र दाराशीच असंल?"

"अगदी," मम्मी म्हणाल्या आणि भाताची मूद मोडू लागल्या.

मी बदलायचे कपडे पिशवीत भरत होते तर तेही मम्मींनी काढायला लावले. "आपण बघायला जातोय गो, बुडायला नाही. उगाच ओझं."

सकाळी माझ्या नवऱ्याला ऑफिसातून फोन आला आणि तो केस विंचरता विंचरता निघूनच गेला. आता आम्ही तिघीच. मला वाटलं बेत मोडणार, पण आई चप्पल घालून दारात उभी होती. मग काय, रिक्षा केली.

भाईंदर मागे पडलं, मिठागरं लागली, मग चढाचा वळणावळणाचा रस्ता, नारळाची झाडं, क्रॉस लावलेली बुटकी घरं. आई रिक्षातून बाहेर इतकी वाकली होती की रिक्षावाला दोनदा म्हणाला, "माताजी, अंदर बैठो." वाऱ्यात सुकत घातलेल्या मासळीचा वास आला तशी तिने माझा हात गच्च धरला. "आला का?"

"अजून नाही."

"आता?"

"अगं, दिसला की कळेलच."

उत्तनजवळच्या तारोडीला आम्ही उतरलो. दोन घरांच्या मधल्या बोळातून चालत गेलो आणि बोळ संपला.

आई थांबली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, हिच्या डोळ्यांत पाणी येणार. तर ती खुदकन हसली. शाळेतल्या पोरीसारखी, तोंडावर पदर धरून.

"काय झालं?"

"येवढालं!" ती म्हणाली. "अगं येलदरीच्या धरणाला पलीकडची बाजू तर दिसती. ह्याला काही नाहीच की पलीकडं!" आणि पुन्हा हसली. मग चपला तिथेच टाकल्या, साडी घोट्याच्या वर खोचली आणि चक्क पळाली. गुडघेदुखीवर दोन वर्षं तेल चोळणारी माझी आई ओल्या वाळूवरून धावत सुटली होती, आणि मी मागून "आई, हळू! आई!" करत.

पहिलं पाणी पायाला लागलं तेव्हा ती किंचाळली. दुसऱ्यांदा पुन्हा किंचाळली. पायाखालून वाळू सरकली की ती "गेली, गेली, जमीन गेली!" म्हणून उड्या मारायची. कुणीतरी तिला गुदगुल्या करतंय असं तिचं हसणं. मग तिने ओंजळीत पाणी घेऊन चाखलं आणि असं तोंड केलं की मलाही हसू आवरेना.

"खरंच खारट आहे गं! मला वाटायचं लोक वाढवून सांगतात."

मी वळून बघितलं तर मम्मी लांब, सुक्या वाळूत, आमच्या चपला आणि पिशव्या पोटाशी धरून उभ्या होत्या. मी हात हलवला. त्यांनी मान हलवली. "तुम्ही खेळा. मी सामान बघते."

सामान म्हणजे पाण्याची बाटली आणि केळी.

मी त्यांच्यापाशी गेले. "मम्मी, चला ना. ओहोटी आहे, पण पाणी किती उथळ आहे बघा."

"नको गो. मला काय नवीन आहे का समुद्र."

आई मागून निथळत आली होती. तिने मम्मींचे पाय बघितले. मम्मींच्या पायांत अजून मोजे होते. थंडीचे, अंगठ्याशी फट असलेले.

"विहीणबाई," आई म्हणाली, "तुम्ही कधी गेलताव का वो पाण्यात?"

मम्मी समुद्राकडे बघत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "आमची वाडी डोंगरावर होती. वरच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, गुरं घेऊन गेलं की खाली दिसायचा. पट्टीसारखा. चकचकीत." त्यांनी बोटाने हवेत एक आडवी रेघ काढली. "खाली जायला कोण नेतंय? काम असायचं. मग लग्न झालं, इकडे आलो. तुझा नवरा लहान होता तेव्हा आणलं होतं एकदा चौपाटीवर, पण त्याला धरून मी बाकड्यावर बसलेली."

"मग कालचं पाय फाकवून, पाठ करायची नाही ते?" मी विचारलं.

"टीव्हीवर सांगतात," मम्मी म्हणाल्या.

मला भीती वाटली, आई आता काहीतरी टोचून बोलणार. लग्नातलं तिखट तिला अजून आठवत होतं, हे मला चांगलं माहीत होतं. पण आई खाली वाळूत बसली आणि तिने मम्मींच्या पायातला मोजा ओढायला सुरुवात केली.

"अहो! अहो, काय करताय! पाय नका धरू माझे!"

"पाय नाही धरत वो, मोजा काढायलीय. द्या तो दुसरा."

पिशव्या माझ्या हातात आल्या. आईने मम्मींचा हात धरला आणि दोघी निघाल्या. मम्मी कासवाच्या चालीने. पाणी दिसलं की दोन पावलं मागे, आई पुन्हा ओढणार. पायाला पाणी लागताच मम्मींच्या तोंडून जे निघालं ते मी त्यांच्या तोंडी कधी ऐकलं नव्हतं, "अगो बाय माझे!" एवढं मोठ्याने की लांब दोरीवर बोंबील लावणारी एक बाई वळून बघायला लागली.

"पाय फाकवा!" आई ओरडली.

"फाकवलेत!"

"पाठ नका करू!"

"तुमचीच आहे पाठ!"

आई वळली, तेवढ्यात लाट आली. फार मोठी नव्हती. पण दोघींनी एकमेकींना इतकं घट्ट धरलं होतं की एक पडली ती दुसरीला घेऊनच. गुडघाभर पाण्यात दोन साड्या, दोन अंबाडे, चार पाय. मी पिशव्या टाकून धावले. पोचले तर दोघी पाण्यात बसल्या होत्या आणि हसत होत्या. आवाज न होता हसत होत्या, नुसते खांदे हलत होते. मम्मींनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, बोट आईच्या डोक्याकडे केलं, बोलता येईना. आईच्या अंबाड्यात शेवाळाचा एक तुकडा अडकला होता, वेणी माळल्यासारखा. मी त्यांना उठवायला वाकले आणि मीच बसले.

पुष्कळ वेळाने आम्ही बाहेर आलो. आता तिघी चिंब आणि अंगावर वारा. रस्त्यावर येऊन रिक्षाला हात केला. रिक्षावाल्याने आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं. "गीला कपड़ा नहीं चलेगा मॅडम, सीट खराब होती है." दुसराही तेच म्हणाला.

"कपडे आणू दिले असते तर," मी म्हटलं.

"आता वाळेपर्यंत थांबायचं," मम्मी म्हणाल्या, आणि माझ्याआधी समुद्राकडे परत वळल्यासुद्धा.

उन्हात नुसतं उभं राहिलं तर थंडी वाजत होती. तिथेच पलीकडे कॉलेजच्या चार मुली चपटे दगड रचून लगोरी खेळत होत्या. मीरा रोडच्याच नया नगरहून आल्या होत्या, दोघींचे बुरखे खडकावर घडी करून ठेवलेले. त्यांचा चेंडू मम्मींच्या पायाशी आला. मम्मींनी तो उचलला, एक डोळा बारीक केला आणि फेकला. सगळी लगोरी एका फटक्यात उडाली.

चारही मुली बघत राहिल्या. मग एक ओरडली, "आंटी, आप मेरी टीम में!"

"तो दूसरी आंटी हमारी," दुसरी म्हणाली आणि आईच्या हाताला धरून घेऊनही गेली. आईचं हिंदी रेडिओवरचं, "हमको आता है, हमको आता है," एवढंच ती म्हणत होती. मला कुणी घेतलं नाही. मी अंपायर.

त्या खेळाचं मी काय सांगू. मम्मींचा नेम म्हणजे नेम होता. गुरं राखताना कैऱ्या पाडून पाडून बसलेला, असं त्यांनी नंतर सांगितलं. आईचा नेम नव्हता पण चपळाई होती. चेंडू येतोय तोवर ती दगड रचून "लगोरीऽऽ" ओरडून मोकळी व्हायची. शेवटच्या डावात आई दगड रचायला वाकली आणि मम्मींनी मागून चेंडू मारला. सपकन पाठीत.

"लागलं की वो!" आई पाठ चोळत उठली.

"कसं होतं? तिखट होतं ना?" मम्मी म्हणाल्या.

इतक्या वर्षांत हा शब्द दोघींमध्ये कुणी उच्चारला नव्हता. आई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली, मम्मींकडे बघितलं आणि म्हणाली, "फिक्कं होतं. तुमच्याकडचं सगळंच फिक्कं. आणा इकडं, मी दाखवते."

आणि चेंडू घेऊन ती मम्मींच्या मागे लागली. खेळ संपला होता, नियम संपले होते. दोन विहिणी किनाऱ्यावरून एकमेकींमागे पळत होत्या आणि पोरी टाळ्या पिटत होत्या. बोंबीलवाली बाई हातातलं काम टाकून आली होती. मला म्हणाली, "तुझ्या घरात रोजच आसं हाय का?"

"न्हाय," मी तिच्यासारखंच म्हटलं. "आजपासून."

साड्या वाळल्या त्या मिठाने पापडासारख्या कडक होऊन. चालताना खरखर आवाज यायचा आणि त्या आवाजाला हसत हसत आम्ही रिक्षात बसलो. केळी तिथेच खाल्ली होती, मुलींबरोबर वाटून. घरी दार नवऱ्याने उघडलं. त्याने आमच्या केसांतली वाळू बघितली. "मम्मी, काय झालं? पडलीस का?"

मम्मींनी सांगायला सुरुवात केली, "विहीणबाईंच्या अंबाड्यात..." आणि हसून थेट भिंतीला टेकल्या. आई आतून म्हणाली, "तूच आधी पडलीस गं!" नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. माझ्या आईने त्याच्या आईला अगं-तुगं केलं होतं आणि छत जागेवर होतं.

आई आठवडाभर राहणार होती, ती पंधरा दिवस राहिली. त्यात दोनदा पुन्हा तारोडीला जाऊन आल्या, मला न घेता. मी ऑफिसात असताना फोटो यायचे, त्यात निम्मे वाळूचे आणि उरलेले मम्मींच्या अंगठ्याचे.

आता दर रविवारी दुपारी मम्मी फोन घेऊन बाल्कनीत जातात आणि दार ओढून घेतात. तासभर तिथून हसण्याचा आवाज येतो. मी आईला फोन लावला तर लाइन बिझी. परवा मम्मी फोन ठेवून आत आल्या आणि चहा टाकत सहज म्हणाल्या, "तुझ्या आईने केस कापले. खांद्यापर्यंत. छान दिसतायत म्हणे."

माझ्या आईने केस कापले, हे मला माझ्या सासूकडून कळलं.