जोडलेल्या शिंगाचा नंदी

डोकं तापलंय, म्हणून घरी आल्या आल्या लिहून राह्यली.

आज आमच्या गावात तान्हा पोळा होता. लेकरं आपापले चाकावरचे लाकडी नंदी सजवून तोरणाखाली आणतात. माह्या सईच्या नंदीचं एक शिंग अन् एक चाक मोडलं होतं. कामरगावचा दुकानदार म्हणे, "ताई, सुटं चाक नाही भेटत. नवाच घ्या."

कायले घेऊ? घरचं चिरलेलं पोळपाट कापून मी चाक केलं. जुन्या बेलण्याची मूठ घासून घासून शिंग केलं. हाताले फोड आले, पण नंदी चालला! सई त्याले उशाशी घेऊन झोपली.

अन् आज तोरणाखाली आयोजक भाऊ म्हणतात, "वहिनी, हा मागं घ्या. जोडलेलं शिंग फोटोत बरं नाही दिसत." पुढं कोण? लाईट लागणारे प्लास्टिकचे नंदी!

भाऊ, काल मोठ्या पोळ्यात सगळ्यात पुढं तुमचाच बैल होता ना? त्याले तं एकच शिंग आहे! आमी बायांनी त्याचे पाय धुतले, त्याले पुरणपोळी चारली. तवा नाही बिघडला तुमचा फोटो?

येताना सईनं नंदी माह्या पदराखाली लपवला. म्हणे, "आई, पुढच्या वर्षी नवा घेऊ."

चाक, शिंग मी पुन्हा करीन. पण चार लोकांत माह्या लेकीले तिच्याच नंदीची लाज वाटली, त्याचं काय करू? तुमीच सांगा.