फोटोच्या नादात गेला, म्हणे!

अनंता गेल्याचं सांगायला आलेला माणूस सायकलवरून धड उतरलाही नव्हता, तोच म्हणाला, "फोटोच्या नादात गेला बिचारा." इतके आठवडे झाले, ते वाक्य आठवलं की अजून अंगाची आग होते. अनंता पहिली पाळी संपवून पिंपरीहून चिंचवडला घरी येत होता आणि मुंबई रस्त्यावर ट्रकनं त्याला मागून उडवलं. कॅमेरा त्या दिवशी माझ्या कपाटात होता. खटका अडकला होता, रविवारी आम्ही तो दुरुस्तीला पुण्याला नेणार होतो.

नाद होता, हे खरंच. आम्ही एकाच कारखान्यात कामाला. सुट्टी आली की तो मला फाळणीनंतर पिंपरीत वसलेल्या निर्वासितांच्या छावणीतल्या बाजारात ओढून न्यायचा. डबा कॅमेरा पोटाशी धरून, कशाचा तरी भाव विचारत उभा राहायचा. एकदा गिऱ्हाइकाच्या साबण लावलेल्या गालाशी न्हाव्याचा वस्तरा तसाच थांबला... कसल्याशा गमतीवर दोघंही खदाखदा हसत होते. खट्! अनंता परत येताना रस्ताभर नाचत होता. "फोटो काढतो म्हटलं की माणूस तोंड आवळतो, राव," तो म्हणायचा, "मला त्याच्या आधीचा माणूस पाहिजे." माझ्या मागच्या खोलीत तो फोटो धुवायचा. चेहरा उमटू लागला की ओरडायचा, "आला, आला!"

अशा माणसाच्या तेराव्याला, त्याच्याच दारात, गावातले एक पुढारी उभे राहिले. म्हणाले, "तरुणांनी असले जीवघेणे नाद सोडावेत." ट्रक त्यांच्या मेव्हण्याचा होता आणि जमलेल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. मी ओरडलो, "कॅमेरा माझ्या घरी होता! ड्रायव्हर कुठं लपवलाय ते बोला!" दोघांनी माझे दंड धरले, म्हणे प्रसंग ओळखा... तेवढ्यात अनंताची आई उठली.

"व्हय रं? तुझ्याकडं हुता?"

"होय, मावशी."

ती पुढाऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. "मग माझ्या मेलेल्या पोराला कशापायी बोल लावता?"

पुढारी उपरणं सावरत निघून गेले. त्यांच्यामागून चारदोन जण गेले, बाकीचे माना खाली घालून बसून राहिले. ट्रक अजून त्याच रस्त्यानं धावतो.

मावशीनं आता स्वयंपाकघरात एक फोटो लावलाय. अंगणातल्या चुलीपुढे बसलेली, धुरानं डोळे भरलेले, तरी तोंडभर हसणारी ती स्वतः. अनंतानं तो नकळत काढला, तेव्हा फुंकणी घेऊन तिनं त्याला पिटाळलं होतं. आता कुणीही आलं की फोटोकडे बोट दाखवते आणि तावातावानं विचारते, "सांगून काढला असता, तर मी अशी हसली असती व्हय?"